पाडलेल्या घरांची खाण

बंगळूरच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वस्ती आहे. तेथे लक्ष्मीदेवी नावाच्या एका स्त्रीची समाधी दाखवितात. बंगळूरचा संस्थापक केंपेगौडा याची ती सून, असे परंपरा सांगते. १५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा कोट बांधावयास काढला, तेव्हा त्याचा दक्षिण दरवाजा काही केल्या उभा राहीना. दिवसा बांधावा आणि रात्री तो कोसळावा, असे चालले. मनुष्यबळी दिल्यावाचून वास्तू टिकणार नाही असे जाणत्यांनी सांगितले. तेव्हा सासऱ्याची चिंता दूर व्हावी म्हणून गरोदर लक्ष्मीदेवी रात्रीच्या वेळी एकटीच तेथे गेली आणि तिने आपला प्राण दिला. मग दरवाजा उभा राहिला.

या कथेला इतिहास पुरावा मागेल, आणि तो मिळणार नाही. महाराष्ट्रातही कित्येक किल्ल्यांच्या बुरुजांविषयी अशाच कथा सांगितल्या जातात. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्यांतून एक गोष्ट मात्र निःसंशय कळते. बांधलेली भिंत पडणे, ही त्या काळच्या माणसाला घरात मृत्यू झाल्याइतकी दुःखद घटना वाटत असे. बांधकामात श्रम होते, पैसा होता, आणि त्याहून अधिक म्हणजे ते टिकावे अशी आस होती.

त्याच कोरमंगलात आज वेगळेच दृश्य दिसते. तेथे भिंती आपोआप पडत नाहीत. त्या पाडल्या जातात. ज्यांच्या पायाला तडा नाही, ज्यांच्या छतातून पाणी गळत नाही, अशी तीस-चाळीस वर्षांची घरे यंत्राच्या दोन-चार दिवसांच्या कामात जमीनदोस्त होतात, आणि त्यांच्या जागी चौमजली, पाचमजली इमारती उभ्या राहतात. पडलेल्या घराचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण ज्या शहराजवळ मोठी नदी नाही, ज्याची वाळू संपत आली आहे आणि ज्याचे डोंगर फोडून झाले आहेत, त्या शहराच्या पुढील शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात दडलेला आहे.

पडलेल्या घराचे काय करावे, याचे उत्तर आपल्या पूर्वजांपाशी तयार होते. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. ही पांढरी म्हणजे तरी काय? पिढ्यानपिढ्यांची मातीची घरे पडली, त्यांची माती तेथेच मुरली, तिच्यावर नवी घरे उठली, तीही पडली; अशा थरांवर थर साचून वस्तीची जमीन भोवतालच्या शिवारापेक्षा उंच झाली. नवे घर बांधणारा पुन्हा त्याच पांढरीची माती खणून भिंतींना आणि धाब्यांना वापरी. म्हणजे जुने घर हीच नव्या घराची खाण असे. वाडा मोडला तर त्याचे सागवानी खांब, तुळया, चौकटी आणि घडीव चिरे दुसऱ्या वाड्यात जात. अमक्याच्या ओसरीचे खांब तमक्याच्या पडक्या वाड्यातले आहेत, असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात भेटत. हे काटकसरीचे तत्त्वज्ञान म्हणून कोणी शिकविले नव्हते. दगड घडविणे आणि लाकूड वाहून आणणे इतके कष्टाचे होते की, ते टाकून देण्याचा विचारच कोणाला सुचत नसे.

बंगळूरशी मराठी माणसाचा संबंधही याच मातीच्या आणि दगडाच्या काळातला. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या सैन्याने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणे घेतले, आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजी आणि जिजाबाई काही काळ येथे राहिल्याचे इतिहासकार सांगतात. ते बंगळूर मातीच्या कोटाचे होते. दगडी कोट हैदर अलीने १७६१ च्या सुमारास उभारला, आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने तो जिंकला. पुढे तटबंदीचा बहुतेक भाग नाहीसा झाला आणि शहर मोकळे झाले. आज त्या कोटाचा दिल्ली दरवाजा आणि थोडासा भाग तेवढा शिल्लक आहे.

दगड आणि लाकूड यांचा पुनर्वापर सोपा होता. पण जुन्या कारागिरांनी भाजलेल्या विटेचाही उपयोग करून घेतला होता. विटा कुटून त्यांची बारीक पूड करावी आणि ती चुन्यात मिसळावी. या पुडीला सुरखी म्हणत. सुरखीचा चुना नुसत्या चुन्याहून चिवट होतो आणि पाण्याखालीही घट्ट राहतो. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते, हे त्याचे शास्त्रीय कारण. ते कारण नंतर कळले. कृती मात्र चुन्याच्या घाणीवर बैल फिरविणाऱ्या कारागिराला आधीच ठाऊक होती.

या सुरखीचा सर्वांत भव्य प्रयोग ज्या अभियंत्याच्या नावाशी जोडलेला आहे, त्याचे शिक्षण पुण्यात झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंते होऊन बाहेर पडले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासला धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ चे. पुढे म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून गेल्यावर त्यांनी कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम हाती घेतले. १९११ मध्ये सुरू झालेले हे काम १९३१ मध्ये पुरे झाले, आणि त्याची दगडी चिणाई सुरखीच्या चुन्यात केलेली आहे. देशात सिमेंटचा पहिला यशस्वी कारखाना पोरबंदर येथे १९१४ मध्ये निघाला; तेव्हा धरणाचे काम सुरू होते. सिमेंट महाग आणि परकीय होते, वीट आणि चुना मात्र जवळचे होते. टंचाईने त्या धरणाचा दर्जा कमी केला नाही. तिने अभियंत्याला भोवतालच्या मातीकडे नीट पाहावयास लावले.

त्यानंतर काँक्रीटचे युग आले आणि ही साखळी तुटली. ती का तुटली, हे समजण्यासाठी काँक्रीट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे हे मिश्रण. घराच्या छतासाठी बरीच वर्षे जे प्रमाण रूढ होते, ते एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असे. म्हणजे काँक्रीटचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वस्तुतः दगड आणि वाळू यांचाच असतो. सिमेंट त्यांना केवळ बांधून ठेवते. पण हे बंधन एकदा पडले की सुटत नाही. चुन्यातला चिरा पहारीने मोकळा करून पुन्हा लावता येतो. मातीची भिंत भिजवून पुन्हा चिखल करता येतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून जे कठीण रूप धारण करते, त्यातून परत मागे येण्याचा मार्ग नाही. शिवाय त्याच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. असे घर उकलता येत नाही. ते फोडावेच लागते. फोडलेल्या ढिगाला मराठीत राडारोडा म्हणतात, आणि नावातच त्याची किंमत ठरून जाते.

कोरमंगलाची नवी वस्ती याच काँक्रीटच्या युगातली. १९७० नंतरच्या दशकात शहराच्या विकास यंत्रणेने येथील शेतजमिनींवर आणि माळावर भूखंड पाडले. चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब, किंवा त्याहून लहान-मोठे. त्यांवर निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, सरकारी कारखान्यांतले अभियंते यांनी आयुष्याची पुंजी घालून एकमजली-दुमजली घरे बांधली. पुढे आणि मागे थोडी बाग, फाटकाशी एखादे झाड. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत येथेच उठली. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरात आली, आणि त्या नव्या उद्योगाच्या भरतीबरोबर शहराचे रूप पालटत गेले. २००७ मध्ये फ्लिपकार्टची सुरुवात कोरमंगलातल्याच एका निवासस्थानातून झाली. १९५१ च्या जनगणनेत बंगळूरची लोकसंख्या आठ लाखांच्या आत होती. २०११ मध्ये ती ८४ लाखांवर गेली. जमिनीचा भाव इतका चढला की, तिच्यावर उभ्या असलेल्या घराची किंमत हिशेबात धरण्याचे कोणाला कारण उरले नाही. घर म्हणजे भूखंडावरील अडथळा ठरले.

अशा एका घराच्या छताचा हिशेब करून पाहता येईल. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर जाड छतात साडेबारा घनमीटर काँक्रीट असते. त्याचे वजन सुमारे तीस टन भरते. दुमजली घरात अशी दोन छते, त्यांच्या तुळया, खांब, पाया आणि विटांच्या भिंती. दहा टनी मालमोटारींच्या कितीतरी फेऱ्या झाल्यावाचून असा भूखंड मोकळा होत नाही.

पाडकामाचा धंदा जुना आहे, आणि त्याचे स्वतःचे अर्थशास्त्र आहे. पुष्कळदा पाडकामाचा ठेकेदार घरमालकाकडून पैसे घेण्याऐवजी त्यालाच काही रक्कम देतो. दारे, खिडक्या, सागवान, गज, विजेच्या तारा, नळ आणि शेवटी स्लॅब फोडून निघालेल्या लोखंडी सळ्या हे त्याचे उत्पन्न. त्याच्या मजुरांच्या हातांत वस्तू वेगळ्या करण्याचे कसब आहे. घन मारून सळी सरळ मोकळी करणारा मजूर काँक्रीट कोठे ठिसूळ आहे हे ज्या अचूकतेने ओळखतो, ती विद्या कोणत्या पाठ्यपुस्तकात नाही. ज्याला बाजार आहे, ते सारे हा धंदा वाचवितो. ज्याला बाजार नाही, ते काँक्रीट आणि गिलावा, माती आणि फरशीचे तुकडे यांच्यासह एका ढिगात मिसळते. त्या ढिगाची ठेकेदाराला किंमत नसते. उलट तो वाहून नेण्याचा खर्च असतो. मग तो खर्च शक्य तितका कमी करावयाचा, म्हणजे सर्वांत जवळचा खड्डा शोधावयाचा.

कोरमंगलाला तो खड्डा दूर शोधावा लागत नाही. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे, आणि त्याचे पावसाचे पाणी तीन मुख्य खोऱ्यांतून खाली उतरते. त्यांतील एकाचे नावच कोरमंगला-चल्लघट्ट खोरे असे आहे. नदीचा आधार नसलेल्या या नगरीत जुन्या लोकांनी या उतारांवर तळ्यांच्या साखळ्या बांधल्या. एक तळे भरले की त्याचे पाणी राजकालुवे नावाच्या कालव्यातून पुढच्या तळ्यात जाई. कोरमंगलाच्या खोऱ्याचे पाणी बेळ्ळंदूर तळ्यात, तेथून वर्तूर तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. शहर वाढले तसे धर्मांबुधी तळ्याच्या जागी बसस्थानक झाले, आणि संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. खुद्द कोरमंगलात ‘एस. टी. बेड’ नावाचा एक भाग आहे. ही अक्षरे श्रीनिवागिलू तळ्याच्या तळाची आहेत. तळे गेले, पण नावात त्याचा तळ उरला. आणि पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, याचा अनुभव तेथील रहिवासी घेत असतात.

रात्री चोरून टाकलेला राडारोडा या राजकालुव्यांच्या काठांवर आणि तळ्यांच्या किनाऱ्यांवर येऊन पडतो. नाल्याचे पात्र अरुंद होते, तळ्याचा काठ हळूहळू आत सरकतो. सांडपाण्याने आधीच दूषित झालेल्या बेळ्ळंदूर तळ्याच्या फेसाने २०१५ मध्ये पेट घेतल्याचे देशाने पाहिले होते. राडारोड्याने आग लागत नाही, परंतु पाण्याची वाट मात्र बंद होते. म्हणजे कोरमंगलाच्या उंचावरील घर पडते, आणि त्याचा परिणाम सखल भागातील घराच्या उंबऱ्याशी पाणी होऊन येतो.

दुसऱ्या बाजूस याच शहराला नव्या बांधकामासाठी दगड, वाळू आणि पाणी हवे आहे. दगड एके काळी विपुल होता. बंगळूर ज्या खडकावर उभे आहे, तो पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांपैकी एक. लालबागेतील त्याचा उघडा माथा सुमारे तीनशे कोटी वर्षांचा मानतात. शहराभोवतीच्या टेकड्या खडीसाठी फोडल्या गेल्या, आणि त्यांच्या खाणींचे खोल खड्डे नंतर शहराच्या कचऱ्याने भरले. एका बाजूने दगड काढावयाचा आणि त्याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने टाकाऊ माल भरावयाचा, असा हा क्रम होय. नदीची वाळू दुरून येई. तिच्या बेसुमार उपशाने नद्यांची पात्रे खचू लागली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गौण खनिजांच्या खाणकामासही पर्यावरणाची अनुमती आवश्यक ठरविली. मग दगडच दळून वाळू करण्याचा मार्ग पत्करावा लागला. म्हणजे टेकडीवरचा भार आणखी वाढला. पाण्याची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मधील टंचाईत बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास शहरात मनाई करण्यात आली.

फुटलेले काँक्रीट पुन्हा कामास येते काय? याचे पहिले मोठे उत्तर जर्मनीने दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शहरे विटा आणि काँक्रीट यांच्या ढिगाऱ्यांखाली गाडली गेली होती. बर्लिनमध्ये स्त्रियांच्या रांगा उभ्या राहून विटा हातोहात पुढे देत, त्यांवरील चुना खरवडून काढीत. ज्या विटा साबूत नव्हत्या, त्या यंत्रांत दळून त्यांची खडी करण्यात आली. १९५५ अखेरपर्यंत अशा खडीच्या काँक्रीटमधून सुमारे १,७५,००० घरे उभी राहिली, असे सांगतात. १९५१ मध्ये त्या देशाने विटांच्या खडीच्या काँक्रीटचे मानकही ठरविले. आणि तरीही जो ढीग उरला, त्याची बर्लिनमध्ये टेकडी झाली. तिच्यावर आज झाडी वाढलेली आहे. त्या उद्योगामागे निसर्गप्रेम नव्हते. बेघर माणसे होती, आणि रेल्वेने दगड आणण्याची ऐपत नव्हती.

कृती समजावयास कठीण नाही. काँक्रीटचे मोठे ढेपे प्रथम यंत्राने फोडावयाचे. चुंबकाने त्यांतील लोखंड काढून घ्यावयाचे. मग दगडी खडीप्रमाणेच ते क्रशरमध्ये दळून चाळण्यांवर निरनिराळ्या आकारांत वेगळे करावयाचे. जी खडी मिळते, तिच्यात जुना दगड असतो आणि त्याला चिकटलेला जुन्या सिमेंट-वाळूचा थर. गुण आणि दोष दोन्ही या थरात आहेत. तो सच्छिद्र असतो, म्हणून ही खडी नव्या दगडापेक्षा कितीतरी अधिक पाणी पिते. आधी भिजवून घेतली नाही, तर ती नव्या काँक्रीटमधले पाणी शोषून घेते आणि ते कोरडे पडते. तिची घनताही कमी असते. गिलावा, जिप्सम, माती किंवा लाकडाचे तुकडे मिसळलेले असतील, तर दोष आणखी वाढतात.

म्हणून भारतीय मानक संस्थेने २०१६ च्या सुधारित मानकात या खडीला स्थान दिले, पण मर्यादा घालून. साध्या काँक्रीटमध्ये खडीचा २५ टक्क्यांपर्यंत भाग फोडलेल्या काँक्रीटचा चालेल. लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि तेही ‘एम २५’ या प्रतीपर्यंतच. पायाखालच्या हलक्या प्रतीच्या थरात मात्र संपूर्ण खडी अशी असली तरी हरकत नाही. विटा आणि काँक्रीट यांची मिश्र खडी असेल, तर ती केवळ अशा हलक्या थरापुरतीच. २०१७ मध्ये रस्त्यांच्या बांधणीसाठीही मार्गदर्शक सूत्रे आली. पदपथावरचे ठोकळे, रस्त्याच्या कडेचे दगड, पायाखालचा भराव, रस्त्याच्या पोटातले थर ही या मालाची खरी कामे होत. गगनचुंबी इमारतीचा खांब त्याच्यावर उभा करावयाचा नाही. पण शहराचा जो भाग पायांखाली असतो, तो सारा त्याच्यावर उभा राहू शकतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. राडारोडा दळून दगड वाचतो, वाळू वाचते, वाहतूक वाचते. सिमेंट वाचत नाही. चुनखडी भट्टीत भाजताना जो कार्बन वायू निघतो, तो नव्या घराच्या सिमेंटबरोबर पुन्हा निघणारच. म्हणून घर पाडून त्याची उत्तम खडी करण्यापेक्षा धडधाकट घर दुरुस्त करून वापरणे केव्हाही श्रेयस्कर. पुनर्वापर हे पाडकामाचे समर्थन होऊ शकत नाही. जे पाडणे अटळ आहे, त्याचे ते प्रायश्चित्त आहे.

देशात असे पहिले मोठे केंद्र २००९ मध्ये दिल्लीत बुराडी येथे सुरू झाले. मुंबईत दहिसर आणि शीळफाट्याजवळील डायघर येथे प्रत्येकी ६०० टन दैनिक क्षमतेची केंद्रे अलीकडे उभी राहिली. बंगळूरच्या उत्तरेस, विमानतळाच्या वाटेवर चिक्कजाल येथेही, तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या काळात असे केंद्र निघाले. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने बांधकाम आणि पाडकाम यांच्या टाकाऊ मालाचे स्वतंत्र नियम प्रथमच केले. दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टन माल निघत असेल, तर तो जागेवरच चार भागांत वेगळा करावयाचा: काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड आणि प्लॅस्टिक, विटा आणि गिलावा. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम घोषित झाले, आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्यांत २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांच्या मालकांवर पुनर्वापराची थेट जबाबदारी टाकण्यात आली.

या योजनांत एक फट राहिली आहे, आणि ती कोरमंगलासारख्या वस्तीत स्पष्ट दिसते. तेथे एका वेळी २०,००० चौरस मीटरचे बांधकाम क्वचितच पडते. तेथे एका गल्लीत एक घर पडते, पुढल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत दुसरे. प्रत्येक घर लहान, सारी मिळून एक डोंगर. मोठ्या कायद्याची चाळणी इतकी मोठ्या भोकांची आहे की, हा डोंगर तिच्यातून खडा-खडा करून निसटतो. दळण्याचे केंद्र तीस किलोमीटरांवर आणि नाला हाकेच्या अंतरावर असेल, तर मालमोटार कोणत्या दिशेने वळेल हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. या रोगावर उपायही लहानच असावयास हवा. प्रत्येक खोऱ्यात, वस्तीच्या जवळ, राडारोडा घेणारी ठिकाणे हवीत. फिरती दळणयंत्रे हवीत. पाडकामाच्या परवान्याबरोबर अनामत रक्कम हवी, आणि माल योग्य जागी पोहोचल्याची पावती दाखविल्यावर ती परत मिळावी. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे तयार मालाला गिऱ्हाईक हवे. नगरपालिका स्वतःचे पदपथ त्याच ठोकळ्यांनी बांधील, तर ठेकेदाराला काँक्रीट वेगळे ठेवण्यास कारण मिळेल. लोखंडाची सळी कोणी नाल्यात टाकीत नाही, कारण तिला भाव आहे. ज्या दिवशी काँक्रीटच्या ढेप्याला भाव येईल, त्या दिवशी तोही नाल्यात पडावयाचा थांबेल.

या विचारात एक सावधगिरीही हवी, आणि तिचा धडा कोरमंगलाच्याच शेजारी आहे. एजिपुरा येथे नगरपालिकेने गरिबांसाठी चाळवजा बहुमजली घरे बांधली होती. काही वर्षांतच त्या इमारती खचू लागल्या, काही कोसळल्या, आणि उरलेल्या पाडाव्या लागल्या. रहिवासी त्याच जागी पत्र्यांच्या खोपटांत राहिले. जानेवारी २०१३ मध्ये ती खोपटेही यंत्रांनी हटविली, आणि हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्या जमिनीचा करार, तिचे खटले हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, बांधकाम निकृष्ट झाले तर त्याची किंमत अखेर सर्वांत दुबळा माणूस देतो. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही घोषणा गोड आहे. पण टाकाऊ माल तपासणीवाचून गरिबांच्या घरात आणि टिकाऊ माल श्रीमंतांच्या घरात, अशी वाटणी झाली, तर ती घोषणा अन्यायाचे पांघरूण होईल. म्हणून मानकातील मर्यादा कोणाच्याही घरासाठी सैल होता कामा नये. पाडलेल्या घराची खडी नव्या घरात जावी, पण प्रयोगशाळेच्या दारातून जावी.

आणि घन मारणाऱ्या मजुराचाही विचार झाला पाहिजे. सुक्या काँक्रीटच्या धुळीतील बारीक सिलिका फुप्फुसांत बसते आणि तेथून ती निघत नाही. पाणी मारून धूळ बसवावयाची, तर शहरात पाणी नाही. तेव्हा शुद्ध केलेले सांडपाणी हाच मार्ग उरतो. कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील शुद्ध केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांत सोडले जात आहे. जे पाणी कोलारची तळी भरू शकते, ते कोरमंगलातील मजुराचा श्वासही वाचवू शकेल.

दगड घडविणे सोपे झाले, म्हणून तो टाकणेही सोपे झाले. जुन्या गावाला पांढरी निर्माण करण्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. दारिद्र्याने आणि श्रमाच्या किमतीने ते काम केले. आजच्या शहराला तेच काम समजून-उमजून करावे लागेल. टेकडी एकदा फुटली की पुन्हा उगवत नाही; पण शहर दरवर्षी स्वतःच्या पोटातून एक नवी टेकडी बाहेर काढीत आहे. ती नाल्यात बुडवावयाची की तिच्यावर पुढच्या पिढीचे रस्ते बांधावयाचे, याचा निर्णय मोठ्या सभागृहांत होईल तेवढाच पाडकामाच्या जागेवरही होणार आहे. घर पडत असताना काँक्रीटचा ढीग आणि गिलाव्याचा ढीग वेगळे ठेवले, तर तो दगड राहतो. एकत्र केले, तर तो राडारोडा होतो. दोन ढिगांमधल्या त्या हातभर अंतरावर पाण्याला पारख्या झालेल्या एका शहराचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून आहे.